बायबलची वचनं तोंडपाठ करण्याची दुसरबीड पद्धत

सदर मार्गदर्शिका जालना–मेहकर रस्त्यावर राहणाऱ्या, त्या रस्त्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या आणि एसटी चुकलेल्या समस्त ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी आहे. दुसरबीड हे ठिकाण विचारपूर्वक निवडलं आहे. पश्चिमेला जालना. तिथे एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. उत्तरेला चिखली-बुलढाणा, पूर्वेला मेहकर-वाशीम. हा सगळा नाझरीन मंडळीचा पट्टा. मधल्या गावांत ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि पाळकसाहेब काही रोज येत नाहीत. शेजारपाजार मात्र पाठांतरात तयार. शेगाव याच बुलढाणा जिल्ह्यात, त्यामुळे ‘गजानन विजय’चे २१ अध्याय पारायणाला घेऊन बसणारी माणसं प्रत्येक आळीत, आणि पुस्तकाकडे न बघता हरिपाठ म्हणणाऱ्या आजी प्रत्येक ओट्यावर. त्यांच्यासमोर योहान तीन सोळाच्या पुढे गाडी न सरकणारा ख्रिस्ती माणूस बरा दिसत नाही. पाठांतर करण्याचं हे मुख्य कारण होय. इतर कारणं परिशिष्टात दिली होती. परिशिष्ट छापायचं राहिलं.

पायरी पहिली : वचनाची निवड

नवशिक्यांनी योहान ११:३५ पासून सुरुवात करावी. मराठीत ते दोन शब्दांत संपतं, म्हणूनच संडे स्कूलमध्ये ऐनवेळी उभं केलेल्या मुलांचं ते पिढ्यान्‌पिढ्या लाडकं आहे. ज्यांना ‘अख्खा अध्याय पाठ आहे’ असं सांगायचं असेल त्यांनी स्तोत्र ११७ घ्यावं. दोन वचनांत अध्याय खलास. स्तोत्र ११९ च्या वाटेला जाऊ नये. वचनं १७६. मूळ रचनाकाराने हिब्रू वर्णमालेतल्या २२ अक्षरांपैकी प्रत्येकावर आठ-आठ वचनं बेतून पाठ करणाऱ्याची सोय केली आहे, पण ती हिब्रू पोरांची. आपल्या पोरांनी आपलं बघावं.

निवडताना वचनाचा स्वभाव पाहावा. वचनं दोन जातींची असतात : देणारी आणि मागणारी. भरभराट, संरक्षण, शत्रूची फजिती यांची हमी असलेली ती देणारी. मागणारी ओळखायला सोपी. वैऱ्यावर प्रीती करा, परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या, सत्तर वेळा सात वेळा क्षमा करा, असा त्यांचा सूर असतो. ही वाचायला हरकत नाही, पाठ करू नयेत. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर वर्षाचं वचन म्हणून चिठ्ठी उचलतात, तेव्हा नीट बघा. आजवर कुणाच्या हातात ‘तुझा जास्तीचा अंगरखा देऊन टाक’ अशी चिठ्ठी आलेली नाही. कार्डं छापणाऱ्यांना धंदा कळतो.

पायरी दुसरी : आकडा

वचन विसरलं तर चालेल, आकडा विसरू नये. अध्याय पाडण्याचं काम तेराव्या शतकातल्या स्टीफन लँग्टनच्या नावावर आहे, आणि नव्या करारातल्या वचनांना आज चालणारे आकडे घातले ते रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने, १५५१ साली. हे काम त्याने पॅरिस ते ल्यों प्रवासात उरकलं, असं त्याचा मुलगा लिहून गेला. म्हणजे सुमारे पंधराशे वर्षं ख्रिस्ती लोक आकड्याविना पाठांतर करत होते. वचन सांगायचं तर त्यांना ते खरोखर माहीत असावं लागे. आपली ती अडचण एस्तिएनने दूर केली. ‘रोम आठ अठ्ठावीस’ एवढं म्हणून मान डोलावली की ऐकणाराही डोलावतो.

पायरी तिसरी : एसटी पद्धत

स्थळांच्या आधारे लक्षात ठेवण्याची युक्ती जुनी आहे. ग्रीक कवी सिमोनिडीस मेजवानीतून बाहेर आला आणि मागे छत कोसळलं. कोण कुठे बसलं होतं ते आठवून त्याने प्रेतं ओळखून दिली, ही गोष्ट सिसेरोने सांगितली आहे. आपल्याकडे छत पाडण्याची गरज नाही, एसटी आहे.

स्तोत्र २३ घ्या. वचनं सहा. जालन्याहून बसा आणि गावं मोजा : सिंदखेडराजा, किनगाव राजा, दुसरबीड, बिबी, सुलतानपूर, मेहकर. सहाला सहा. सिंदखेडराजाला मेंढपाळ. किनगाव राजाला हिरवी कुरणं आणि संथ पाणी. एप्रिल-मेमध्ये हे वचन विश्वासानेच घ्यावं लागतं. दुसरबीडला नीतिमार्ग. बिबीला मृत्युछायेची दरी. बिबीकरांनी राग मानू नये, क्रमच तसा लागतो. सुलतानपूरला वैऱ्यांच्या देखत मांडलेलं ताट. इथे चहाला उतरलात तर वचन पक्कं बसतं. मेहकरला परमेश्वराचं घर, म्हणजे पोचलात.

एक काळजी घ्यावी : जलद गाडीत बसू नये. ती मधे थांबली नाही की तेवढी वचनं गळतात, आणि मेंढपाळापासून माणूस एकदम परमेश्वराच्या घरी जातो. अलीकडे काही जण समृद्धी महामार्ग पद्धतीचा पुरस्कार करतात. नागपूर–मुंबई ७०१ किलोमीटर, तसं उत्पत्ती ते प्रकटीकरण एका वर्षात. वेग उत्तम. मधे कोणतं गाव लागलं ते मात्र विचारू नये.

पायरी चौथी : उजळणी

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं घोकून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये दाखवून दिलं की घोकलेल्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांतच उडून जातं. पुढची गळती सावकाश होते. आमच्या मंडळ्यांना हे एबिंगहाउसच्या आधीपासून अवगत असावं. शनिवारी रात्री जेवणानंतर सुवर्णवचन घोकायचं, रविवारी सकाळी दहाला म्हणायचं, दुपारच्या जेवणापर्यंत पाटी कोरी. या शिस्तीत कुठेही बाधा येऊ देऊ नये.

कुणाला वचन कायमचं हवंच असेल तर रीत वेगळी आहे. आज म्हणायचं, उद्या म्हणायचं, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. आणि दर वेळी पुस्तक मिटून, अडखळत का होईना, आधी आठवायचं आणि मगच उघडून पडताळायचं. वाचून वाचून पाठ होत नाही, आठवून आठवून होतं. ही रीत स्वस्त आहे, लहानथोरांना जमते, आणि धोकादायक आहे. धोका शेवटी सांगितला आहे.

पायरी पाचवी : स्पर्धा

पाठांतराचं सार्थक स्पर्धेत. मुलाला पुढे उभं करावं. तो डाव्या पायावरून उजव्या पायावर झुलत आधी आकडा, मग वचन, मग पुन्हा आकडा असं एका दमात म्हणेल. दम संपला तर वचन तिथेच संपेल. तिसऱ्या रांगेतून आई ओठ हलवील; परीक्षकांनी तिकडे पाहू नये, कारण त्यांची स्वतःची नात पुढे यायची असते. पहिलं बक्षीस स्टीलचा डबा, दुसरं स्टीलची ताटली, उत्तेजनार्थ बायबल. वचनाचा अर्थ विचारण्याची प्रथा नाही. कुण्या नव्या पाळकाने विचारलाच तर वऱ्हाडी बाण्याने उत्तर द्यावं : ‘‘अर्थ कायले पायजे राजेहो, पाठ हाय ना!’’

पायरी सहावी : वापर

पाठ केलेलं वचन स्वतःवर वापरू नये. ते दुसऱ्यासाठी असतं. सून उलट बोलली की इफिस ५:२२ म्हणावं. २५ वं वचन नवऱ्यांना उद्देशून आहे, तेव्हा तिथे पोचण्याआधी खोकला काढावा. मुलांना ६:१ ऐकवावं. ६:४ बापांना चिडवाचिडवी करू नका म्हणतं, ते कुणी विचारल्याशिवाय काढू नये. कुठे थांबायचं ते कळणं हीच खरी विद्वत्ता.

या विद्येचा आद्य आचार्य मत्तयच्या चौथ्या अध्यायात भेटतो. मंदिराच्या शिखरावर उभं राहून येशूला ‘उडी टाक’ म्हणताना त्याने स्तोत्र ९१ तोंडपाठ म्हणून दाखवलं. उच्चार स्वच्छ, प्रसंगावधान पक्कं. फक्त ‘तुझ्या सर्व मार्गांत’ राखण्याची जी गोष्ट मूळ स्तोत्रात आहे, तेवढी त्याने गाळली. कुठे थांबायचं हे त्यालाही ठाऊक होतं. समोरून तिन्ही वेळा उत्तर आलं ते अनुवादाच्या पुस्तकातून. चाळीस दिवसांचा उपास, ओसाड रान, हातात गुंडाळी नाही, म्हणजे तेही पाठच. निव्वळ पाठांतराला गुण असते तर स्टीलचा डबा सैतानालाही मिळाला असता.

पायरी सातवी : अर्थ

या पायरीवर थांबू नये. थांबल्याचं एक ठळक उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंच्या घरचा उद्योगच पाठांतर. आईवडील आणि मुलं देवळादेवळांतून पुराणं म्हणत देशभर फिरायची, आणि बारा वर्षांच्या रमाला भागवताचे १८ हजार श्लोक मुखोद्गत झाले होते. एवढ्या भांडवलावर १८७८ साली कलकत्त्याने तिला ‘पंडिता’ केलं. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी बायबलही असंच घोकून आणखी एक पदवी मिळवायला काय हरकत होती? त्याऐवजी बाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि आयुष्याची शेवटची वर्षं अख्खं बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली, का, तर खेड्यातल्या बाईला ते कळावं. १९२२ मध्ये निधनापूर्वी काम पुरं केलं, आणि ते छापलं केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी. जिला सगळं पाठ होतं तिलाच न कळता पाठ असण्यातली उपासमार माहीत होती. अशी माणसं मार्गदर्शिकेचं नुकसान करतात.

धोक्याचा इशारा

चौथ्या पायरीतली दुसरी रीत वापरणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. नीट पाठ झालेलं वचन पुस्तकात राहत नाही आणि बोलावल्याशिवाय येतं. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत हाती नाही, ते टिकलं हस्तलिखितांत आणि म्हणणाऱ्यांच्या तोंडात. पुस्तकाला वाळवी लागते, तोंडातल्याला लागत नाही. दवाखान्याच्या बाकावर रात्री तीन वाजता, मोतीबिंदू झाल्यावर, लाइट गेल्यावर, दुसरं काहीच हाताशी नसताना ते येतं. तेव्हा बरं वाटतं, हे मान्य केलं पाहिजे.

पण ते भरदिवसाही येतं. सोयाबीनचा कट्टा काट्यावर आहे, आकडा अजून थरथरतोय, ओलाव्यापोटी किती कापायचं ते तुमच्या हातात आहे, समोरचा शेतकरी तुमच्या तोंडाकडे बघतोय; नेमकं तेव्हा नीतिसूत्रे ११:१, खोट्या तागडीबद्दलचं. किलोला किलो नुकसान. अशा वेळी पुस्तक मिटता येतं, वचन मिटता येत नाही.

यावर उपाय म्हणून काही अनुभवी मंडळी निव्वळ वंशावळी पाठ करण्याचा सल्ला देतात. नावांनी कुणाचं काय बिघडतं? आम्हीही मत्तयचा पहिला अध्याय सुचवणार होतो. परंतु तपासणीत त्यातही मरीयेखेरीज चार बायका सापडल्या. तामार, राहाब, उरीयाची बायको, आणि रूथ. रूथ मवाबी, परकी. मुलाच्या लग्नाची बोलणी चालू असताना, मुलीकडचे बाप्तिस्म्याच्या आधी कोण होते ही चौकशी तुम्ही हळूच सुरू केलीत की ती पाचव्या वचनातून उठते आणि येशूच्या पूर्वजांत आपली जागा दाखवते. तेव्हा वंशावळीचीही हमी देता येत नाही.

ज्याला निवांत जगायचं आहे त्याने पाठांतराच्या फंदात न पडता बायबलला चांगलं चेनचं कव्हर घालावं, आणि चेन लावून ठेवावी.