फोन सताड उघडा ठेवण्याची सोपी कृती

साहित्य: क्रोम असलेला एक अँड्रॉइड फोन आणि सडकून भूक. भूक असली की ‘परवानगी द्या’वर बोट पटकन पडतं.

पहिला धडा नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला, द्राक्षबागेतल्या मिसळीच्या टेबलावर. क्यूआर कोड स्कॅन करा. मेन्यूच्या आधी पान विचारेल, ‘तुमचं लोकेशन पाहू का?’ तुम्ही त्यांच्याच खुर्चीत बसलेले, हातात त्यांचाच पापड, तरी विचारणार. हो म्हणा. ‘फक्त या वेळी’ असंही बटण दिसेल. ते पोट भरलेल्यांसाठी आहे. नोटिफिकेशनलाही हो म्हणा. (मी म्हटलं होतं. मिसळ दहा मिनिटांत संपली, ‘रविवार स्पेशल’चे निरोप महिनाभर येत होते.) ॲप नको झालं तर काढून टाकता येतं; पान बंद केलं तरी त्याला दिलेली मुभा ब्राउझरच्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये पडून राहते. तिकडे फिरकू नका.

दुसऱ्या धड्यात कष्टच नाहीत. फोन किती कलला, किती हलला, हे अँड्रॉइडवरचं क्रोम पानाला न विचारताच सांगतं. आयफोनवर २०१९पासून आधी विचारावं लागतं. क्रोमचं बॅटरीबाबतही तसंच. ती किती उरली यावरून माणसाचा माग काढता येतो असं संशोधकांनी दाखवल्यावर फायरफॉक्सने २०१७मध्ये ही माहिती पानांना देणं बंद केलं. क्रोम देतं. म्हणजे सीबीएसवर बसची वाट बघणारे तुम्ही, सात टक्केवाले.

तिसरा धडा ब्लूटूथ आणि यूएसबीचा. सोय खरी आहे: वेगळं ॲप न घेता पानावरूनच यंत्र चालतं. पण खोट्या पानांपासून वाचवायला बनवलेली यूएसबी सुरक्षा-किल्लीच या वाटेने फसवता येत होती, हे २०१८मध्ये दिसलं. ॲपलने २०२०मध्ये सफारीत या सोयी आणायला नकार दिला. पुराणमतवादी लोक!

नियमाला अपवाद हवाच. निफाडचा शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपला कॅमेरा आणि लोकेशन देतो, कारण कांदा त्याच गटात उभा आहे हे बांधावरूनच दाखवायचं असतं. त्याशिवाय सातबाऱ्यावर पीक चढत नाही. तिथे मागणं आणि काम एकाच वावरातलं. उलट, घरबसल्या डॉक्टर गाठून देणारं ॲप फोनमधली नावं-नंबर मागू लागलं, तर त्यापुरती दिलेली संमती चालत नाही; हे उदाहरण २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातच छापलंय. तो वाचू नका, अभ्यास बिघडेल.

माझ्या शेजारच्या टेबलावरचे आजोबा पहिल्याच धड्यात नापास झाले. कोडकडे न बघता त्यांनी पोऱ्याला हाक मारली, ‘‘काय काय आहे रे?’’

‘‘मिसळ,’’ तो म्हणाला.