कान्याची किंमत

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या दुकानातल्या कीबोर्डाचा काना मेला.

पैठणला तहसीलच्या आसपास माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, अर्ज, लग्नपत्रिका, आणि गोदाकाठचं गाव असल्यामुळे दशक्रियेच्या पत्रिकाही. अशा धंद्यात बाकी कुठलंही बटण मेलं तर निभावता येतं, काना मेला की दुकानच बसतं. मी जुना रेमिंग्टनवाला. आमच्या पद्धतीत काना हा नुसता काना नसतो. ख, घ, ण, थ, ध, भ, श ही अक्षरं आधी अर्धी मारायची आणि मग त्यांना कान्याचा दांडा लावून उभं करायचं. मराठीतला सगळ्यात राबणारा मजूर तो, आणि तोच रजेवर गेला. ‘शपथ’ टाइप केली की पडद्यावर ‘श्पथ्’ उमटायचं. दोन्हीकडून पाय मोडलेली शपथ. असली शपथ घेऊन कुणी कोर्टात जात नाही. एका लग्नपत्रिकेच्या तळाशी बालगोपाळांची ओळ होती, ती ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ऐवजी ‘अमच्य ममच्य लग्नल ययचं हं’ अशी झाली. नवऱ्या मुलाचे वडील बराच वेळ ती ओळ बघत राहिले आणि म्हणाले, “ही तेलुगू आहे का?”

त्याच आठवड्यात आमचे चिरंजीवही हरले. व्हॅलोरंट नावाचा एक खेळ आहे, पाच जणांनी पाच जणांवर गोळ्या झाडायचा. हरल्यावर बाहेर येऊन म्हणाला, “पप्पा, कीबोर्डमुळे गेली मॅच.”

आता ज्या गावात शालिवाहनानं मातीचे हत्ती, मातीचे घोडे आणि मातीचे शिपाई करून त्यांच्यात प्राण फुंकले आणि त्या सैन्यानं लढाई जिंकल्याचं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, त्या गावात पोरगं म्हणतं कीबोर्डमुळे हरलो. मी हे बोलून दाखवलं. त्यावर त्यानं मला थेट प्रात्यक्षिकच दिलं. तीन बटणं एकदम दाबली, पडद्यावर दोनच उमटली. स्वस्त कीबोर्डात बटणांच्या तारा आडव्या-उभ्या जाळीत गुंफलेल्या असतात. काही ठरावीक तीन बटणं एकत्र दाबली की आतल्या चिपला कोणतं खरं आणि कोणतं खोटं ते कळत नाही, म्हणून ती तिसऱ्याला दारातच अडवते. पळत, वाकून, डावीकडे जायचं असेल तर आपला शिपाई पळतो, वाकतो आणि तिथंच थांबतो. पुढं काय होतं ते सांगायला नको. पोराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि मला हाच प्रकार सगळ्यात जास्त अवघड जातो.

तर आम्ही दोघं संभाजीनगरला पैठण गेटला गेलो. पैठण गेट पैठणला नाही, पन्नास किलोमीटरवर आहे. पैठणला जाणाऱ्या वाटेवरचा दरवाजा म्हणून पैठण गेट. आम्ही पैठणची माणसं खरेदीला पैठण गेटला जातो, यात बाहेरच्यांना जी गंमत वाटते ती आम्हाला वाटेनाशी होऊन जमाना झाला. दुकानदारानं काउंटरवर तीन बटणं मांडली: लाल, तपकिरी, निळं. सोनारानं वाळे दाखवावेत तशी. लाल सरळ खाली जातं, मुकाट. तपकिरी मध्ये जरा अडखळतं. निळं अडखळतं आणि वर ‘टक्’ असा आवाजही करतं. ही रंगांची भाषा चेरी नावाच्या जर्मन कंपनीची, १९८० च्या दशकातली. आता चिनी कंपन्याही त्याच रंगांत बटणं काढतात. आपल्या नेहमीच्या कीबोर्डात खाली रबराच्या टोप्या असतात, त्या तळापर्यंत दाबल्याशिवाय अक्षर उठत नाही. यांच्यात प्रत्येक बटणाला स्वतःची स्प्रिंग. चार मिलिमीटर खाली जाणारं बटण दोन मिलिमीटरवरच अक्षर देऊन मोकळं होतं.

मी निळं दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्.

आणि मी थेट टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन पोचलो. पत्र्याची खोली, बारा-पंधरा गोदरेजची मशीनं, सगळी एकदम चालू. ओळ संपत आली की घंटी. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून, कारण मशीनला वाचता येत नाही, ती फक्त उमटवते. करंगळीनं मारलेलं अक्षर कागदावर फिकं उठलं की सर पट्टी घेऊन मागं उभेच. मराठी तीसच्या परीक्षेला मी शाईची रिबन बदलताना काळा झालो होतो आणि तसाच पेपर दिला. पास झालो, पण कागदावर माझा अंगठा तीन ठिकाणी उमटला होता. गोदरेजनं १९५५ साली पहिलं भारतीय टाइपरायटर काढलं आणि २००९ मध्ये शेवटचं. मधल्या काळात महाराष्ट्रातल्या किती घरांची चूल त्या टकटकीवर पेटली, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

“हाच घेऊ,” मी म्हणालो.

“पप्पा, गेमिंगला लाल घेतात.”

“पैसे कोण देतंय?”

कीबोर्ड साडेसहा हजार, माऊस तीन हजार आठशे. घरी आल्यावर बायकोनं पावती वाचली. “एवढ्यात सेमी पैठणी येते,” ती म्हणाली. हातमागाची येत नाही हे तिलाही ठाऊक. पैठणला राहून ‘सेमी’ म्हणावं लागतं यातच सगळा टोमणा होता. मी म्हणालो, पैठणी तू वर्षातून दोनदा नेसतेस, हा रोज वापरायचाय. हे बोलायला नको होतं. त्यापुढचे दोन दिवस मी या लेखात घेत नाही.

तिसऱ्या रात्री एक वाजता बायको दचकून उठली आणि धावत गच्चीवर गेली. वर कुरडया वाळत घातल्या होत्या. आभाळ स्वच्छ, चांदणं पडलेलं. खाली आल्यावर कळलं की पाऊस नव्हता, चिरंजीव सामना खेळत होते. निळ्या बटणांचा आवाज हुबेहूब पत्र्यावरच्या पावसासारखा. मराठवाड्यात माणसाला झोपेतून उठवून पावसाचा असा भास करून देणं हा गुन्हाच म्हणायला हवा. सकाळी कीबोर्ड माऊससकट घराबाहेर पडला आणि माझ्या दुकानात आला. चिरंजीवांना सहाशे रुपयांचा साधा, पण त्यांची ठरावीक बटणं एकदम घेणारा कीबोर्ड मिळाला. दोन महिने झाले. नव्या कीबोर्डावर तो खेळात ‘सिल्व्हर’ पायरीला होता, सहाशेच्यावरही सिल्व्हरलाच आहे. चांदीचा भाव तेवढा वाढला.

असं का व्हावं, हे मी एका दुपारी गिऱ्हाईक नसताना कागदावर मांडून बघितलं. साधा माऊस किंवा कीबोर्ड सेकंदाला १२५ वेळा संगणकाला निरोप देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंगवाला हजार वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. वाचले जास्तीत जास्त ७ मिलिसेकंद. आमचा पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा, म्हणजे एक चित्र बदलायलाच १६ पेक्षा जास्त मिलिसेकंद. पोरानं झाडलेली गोळी मुंबईच्या सर्व्हरला जाऊन यायला आमच्याकडे तीस-चाळीस, आणि संध्याकाळी गल्लीतले सगळे मोबाइल उघडून बसले की शंभराच्या वर. समोर काही हललेलं बघून माणसाचं बोट हलायला दोनशेच्या आसपास. आणि ‘जेवायला ये’ अशी हाक मारल्यापासून चिरंजीव उठेपर्यंत पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे सत्तावीस लाख मिलिसेकंद. त्यातले सात वाचवायला मी हजारो रुपये दिले होते.

व्यावसायिक खेळाडूंचं वेगळं. त्यांचे पडदे, त्यांची लाइन, त्यांचा सराव सगळंच पुढचं. तिथं सात मिलिसेकंदांना खरंच भाव असेल. त्यांच्यासाठी आता चुंबकावर चालणारी बटणं निघाली आहेत, पंधरा-अठरा हजारांची. त्यातले काही कीबोर्ड तर इतके शहाणे झाले की डावी-उजवी बटणं एकदम दाबली गेली तरी खेळाडूच्या वतीनं स्वतःच निवाडा करू लागले. २०२४ च्या ऑगस्टात काउंटर-स्ट्राइकवाल्यांनी ही हुशारी खेळात वापरायला बंदी घातली. महागड्या वस्तूचं याहून मोठं कौतुक कुठलं? पैसे देऊन घ्या आणि मैदानाबाहेर ठेवा.

कीबोर्ड दुकानात आल्यावर पहिल्याच दिवशी घोळ लक्षात आला. या कीबोर्डाला उजवीकडचं नंबरपॅडच नव्हतं. माऊस फिरवायला जागा मोकळी राहावी म्हणून गेमिंगवाले तेवढा तुकडा कापून टाकतात, आणि कापलेल्याचे पैसेही कमी करत नाहीत. आमच्या धंद्यात गट नंबर, आधार नंबर, खाते नंबर. शिवाय जुन्या फॉन्टमधली काही जोडाक्षरं ऑल्ट दाबून आकडे मारल्याशिवाय उमटतच नाहीत. साडेसहा हजारांच्या कीबोर्डाच्या शेजारी मला साडेचारशेचं सुटं नंबरपॅड घेऊन ठेवावं लागलं. आता मुख्य दुकानाबाहेर पानटपरी असावी तसं ते दिसतं.

माऊसच्या खोक्यावर छापलं होतं: २६,००० डीपीआय. पहिल्यांदा हलवला आणि बाण पैठणहून निघाला तो शेवगावच्याही पुढं गेला. कुठं गेला ते शोधण्यात दहा मिनिटं. नंतर कळलं, मोठमोठे खेळाडूसुद्धा आठशेच्या आसपासच ठेवतात. मीही आठशेवर आणला. उरलेले पंचवीस हजार दोनशे तसेच पडून आहेत, कुणाला हवे असतील तर सांगा. पण या माऊसची एक गोष्ट मात्र पटली. जुन्या माऊसला एका क्लिकचे दोन क्लिक करायची खोड लागली होती. आतल्या बटणात धातूची एक नखाएवढी पट्टी असते, ती थकली की एकदा दाबल्यावर थरथरून दोनदा टेकते. साध्या कागदावर ते चालून जातं. पण २०२४ च्या ऑक्टोबरात शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा बाँड आला, आणि प्रिंटच्या बटणावर एका क्लिकचे दोन झाले की खालचा पाचशेचा दुसरा बाँडही मशीनमधून छापून बाहेर. असे दोन बाँड मी माझ्या खिशातून भरले. नव्या माऊसमध्ये पट्टीऐवजी प्रकाशाची तिरीप तुटली की क्लिक धरतात. थरथरायला काही नाहीच. आठ बाँड वाचले की माऊस फुकट. या हिशोबाला बायकोही काही बोलली नाही.

राहिले दिवे. प्रत्येक बटणाखाली दिवा, एक कोटी सदुसष्ट लाख रंग. चिरंजीवांनी अशी योजना करून ठेवलीय की बटण दाबलं की तिथून तरंग उठतो, जायकवाडीचे सत्तावीस दरवाजे उघडल्यासारखा. गिऱ्हाईक बघत राहतं. माझ्या एक लांबच्या मावशी पैठणीच्या मागावर बसतात. त्या कसल्याशा योजनेचा अर्ज टाइप करून घ्यायला आल्या, डोळे बारीक करून कीबोर्डाकडे बघत बसल्या. पदरावरचा मोर काढताना धोटा इकडून तिकडे फेकून भागत नाही. रंगारंगाच्या छोट्या कांड्या हातानं एकेक धाग्याखालून ओवाव्या लागतात. त्यांचा उभा जन्म त्या मोराच्या मानेत गेलाय. म्हणाल्या, “तुझ्या धोट्याला दिवे कशाला रे? उजेड सुतावर पाहिजे.” मी गुपचूप कागदावरचा बल्ब लावला. मग त्यांनी स्वतः एक बटण दाबून बघितलं, दोनदा, तीनदा. “हाताला मात्र बरं लागतंय हे.”

हाताला बरं लागतं, तीच तर गोष्ट. दिवसभर टायपिंग करून संध्याकाळी माझी बोटं दुखायची ती दुखेनाशी झाली, कारण आता तळ गाठावा लागत नाही. बटणाच्या खोक्यावर पाच कोटी दाबांची हमी होती. माझ्या अंदाजानं माझा काना दिवसाला दोन हजार वेळा पडतो, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर सहा लाख. म्हणजे काना त्र्याऐंशी वर्षं टिकेल आणि तोवर मी एकशे पस्तीस वर्षांचा असेन. त्याआधी गेलाच, तर हे बटण चिमट्यानं उपटून नवं बसवता येतं, दोन-तीन चहांच्या पैशात. काना गेला तर फक्त काना बदलायचा. मागच्या वेळी काना गेला म्हणून मी सगळा कीबोर्ड भंगारात दिला होता, त्यात ‘ज्ञ’ अगदी कोरा करकरीत होता.

संत एकनाथांची गोष्ट सांगतात, देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशोबात एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर जागले. मी काही तेवढा जागणारा नाही, पण नाथांच्या गावचा आहे, म्हणून हिशोब करायला बसलो. बोटांचे इतके, कान्याचे इतके. कितीही ताणलं तरी दोन-अडीच हजारांच्या कीबोर्डात हे सगळं मिळालं असतं; वरचे चार हजार कुठं बसवावेत ते कळेना. बायकोनं कागद हातातून घेतला आणि वाचून म्हणाली, “दिव्यांचे. आणि ‘गेमिंग’ या शब्दाचे.” मग थांबून म्हणाली, “दिवे बंद करता येतात?”

“येतात.”

“मग तेवढे पैसे परत मिळतात?”

परवा पलीकडच्या खेड्यातले एक आजोबा वारसाचं प्रतिज्ञापत्र करायला आले. मी टकटक करत होतो, तरंग उठत होते, आजोबा मान डोलवत ऐकत होते. सहा मिनिटांत कागद बाहेर आला. “लई वाजतंय,” ते म्हणाले. “म्हंजे पक्कं झालं.” मी कागद पुढं सरकवला, शाईचं पॅड उघडलं. आजोबांनी डाव्या हाताचा अंगठा पॅडवर टेकवला, कागदावर ठेवला, हळूच एका बाजूनं दुसऱ्या बाजूला लोळवला आणि उचलला. मग तो डोक्याच्या केसांना पुसून त्यांनी विचारलं, “किती झाले?”