मणिबेलीच्या शिकारीला जाताना बूट कोणते घ्यावेत

आधी कायद्याची बाजू. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा शौक संपला. तेव्हा आजोबांची खाकी टोपी आणि काडतुसांचा पट्टा माळ्यावरून काढून सातपुड्याकडे निघालेल्यांनी पुढचं वाचू नये. हे मार्गदर्शन आहे ते बिनपरवान्याच्या शिकारीसाठी. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठावर वसलेल्या मणिबेलीत तिची चांगली पस्तीस-चाळीस वर्षांची परंपरा आहे. सावजं चार प्रकारची: मत, सही, फोटो आणि मोबाइलची रेंज. यांपैकी पहिली तीन सहसा हाती लागतात.

सर्वांत मानाची शिकार मताची. लोकसभेच्या यादीत नंदुरबार राज्यातला मतदारसंघ क्रमांक एक, विधानसभेच्या यादीत अक्कलकुवा क्रमांक एक, आणि त्यातलं मतदान केंद्र क्रमांक एक मणिबेली. म्हणजे महाराष्ट्राची लोकशाही कागदावर इथूनच सुरू होते. तिथवर पोचण्यासाठी मात्र यंत्रं, शाई, शिक्के आणि ड्यूटी लागलेले गुरुजी यांना पाण्यातून न्यावं लागतं. काठाला लागलेल्या बोटीतून उतरताना एक पाय फळीवर, दुसरा गाळात आणि काखेत लोकशाहीची सीलबंद पेटी, अशा अवस्थेत बुटाची परीक्षा होते. इथं घोटा झाकणारा, नाडीने आवळता येणारा बूटच हवा. पट्टीचे, चेनचे आणि नुसते पाय सरकवून घालायचे बूट कलेक्टर कचेरीच्या फरशीवर शोभतात.

मतवाल्यांना आणखी एक इशारा. आजकालच्या हलक्याफुलक्या बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा फेस असतो. हा पदार्थ हवेतला ओलावा शोषून आतून कुजतो, आणि वापरात नसला, कपाटात पडून राहिला, तर काही वर्षांत त्याचा भुगा होतो. वरून बूट नवाकोरा दिसतो. पहिल्या चढावर तळ सोडून देतो. त्यामुळे दर पाच वर्षांनीच मणिबेलीला जायचा शिरस्ता असलेल्यांनी या जातीचा बूट घेऊ नये. अस्सल रबराचा, शिवून बसवलेला तळ घ्यावा. तो निदान एक मुदत पूर्ण करतो.

आता उंची. दुकानदार तुम्हाला घोट्याचा, पोटरीचा आणि गुडघ्याचा असे तीन प्रकार दाखवील आणि पाऊस किती पडतो ते विचारील. पावसाचा संबंध नाही, हे त्याला शांतपणे सांगावं. मणिबेलीत बुटाची उंची धरणाकडे पाहून ठरते. सरदार सरोवराची भिंत नव्वदच्या दशकात ८०.३ मीटरवर अडली होती, तेव्हा घोट्याच्या बुटावर निभावत असे. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८५ मीटरपर्यंत जाऊ दिलं, २०००च्या ऑक्टोबरात ९० मीटरचा रस्ता मोकळा झाला. इथं पोटरीचा बूट आला. २००४ला ११०.६४ आणि २००६ला १२१.९२ मीटर झाल्यावर गुडघ्याच्या खाली काहीही घेणं म्हणजे पैसे पाण्यात. २०१७मध्ये दरवाजे बंद झाले आणि २०१९च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरला टेकलं. त्या उंचीचा बूट कुठलीच कंपनी काढत नाही. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर तर त्याआधीच पाण्याखाली गेलं होतं आणि देवाची सोय गुजरातेत गोऱ्याजवळ नव्या मंदिरात झाली. देवाला बुटांचा प्रश्न पडला नाही. दाखला, सातबारा आणि कट-ऑफ तारीख यांचाही नाही.

जलरोधक बूट घ्यावा का, असं अनेक जण विचारतात. जाहिरातीत सांगतात ते खरं आहे, आतल्या पातळ पडद्यातून पाणी शिरत नाही. पण काठावरच्या गाळात पाय मांडीपर्यंत गेला की पाणी वरून येतं, आणि पाणी बाहेर ठेवणारा बूट तेवढ्याच निष्ठेने पाणी आत ठेवतो. दोन पावलांत बुटाची पूर्ण संचय पातळी गाठली जाते. मग त्याला सांडवा नाही, दरवाजे नाहीत, आणि बुडालेल्या बोटांना मोबदला कुणी द्यायचा यावर एकमत नाही. त्यापेक्षा कॅनव्हासचा, बाजूला पाणी निघायला भोकं असलेला जंगल बूट बरा. तो भिजतो हे आधीच मान्य करतो आणि चालता चालता निथळतो.

गमबूट? त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. वेलिंग्टनच्या ड्यूकचा मूळ बूट कातड्याचा, सरदारी. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर पक्कं करण्याचं पेटंट १८४४मध्ये घेतलं, आणि १८५३मध्ये हायरम हचिन्सन या अमेरिकी माणसाने फ्रान्समध्ये कारखाना काढून लाकडी खडावा घालून चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायात रबरी बूट घातले. एवढा इतिहास असूनही मणिबेलीच्या गाळात गमबूट फसतो. फसतो म्हणजे शब्दशः. उन्हाळ्याकडे जलाशय उतरू लागला की उघड्या पडलेल्या उतारावर वर पापुद्रा आणि खाली लोणी अशी जमीन असते. पाय वर उचलला तर पाय येतो, बूट राहतो. आधी टाच उचकटून हवा आत जाऊ द्यावी आणि मग पाय काढावा. साहेबांबरोबर असाल तर साहेबांचा बूट आधी काढावा, हा शिष्टाचार.

गाळ संपला की लगेच सातपुडा सुरू होतो: काळा खडक, सुटा मुरूम आणि उभी चढण. गावाचे पाडे पाण्याच्या मागे मागे सरत वर गेलेले असल्यामुळे भेट घ्यायची तर चढावंच लागतं. तळाला खोल आणि एकमेकांपासून लांब असे दाते हवेत. जवळजवळ दाते असले की मधे चिखल भरतो आणि तळ गुळगुळीत होतो. उतरताना बोटं पुढे आपटतात, म्हणून पुढे अंगठ्याएवढी जागा सोडावी आणि खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मोजे सुती नकोत, लोकरीचे घ्यावेत. सुती मोजा भिजला की फोड आलाच म्हणून समजा. हे सारं कुठल्याही डोंगराला लागू आहे, तेव्हा इथं फार रेंगाळत नाही.

रेंगाळायचं ते बूट पायाला बसवण्याच्या प्रश्नावर. नवा बूट थेट मणिबेलीला नेऊ नये. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९च्या निवाड्यात लिहून ठेवलं आहे की जमीन बुडण्याच्या निदान सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालेलं असावं. बुटांना हाच नियम लावावा: पाय बुडण्याच्या सहा महिने आधी बूट घ्यावेत, रोज थोडं चालून ते सवयीचे करावेत. निवाड्याचं काय झालं हा वेगळा विषय. बुटांच्या बाबतीत तरी तो पाळता येईल.

सहीच्या शिकाऱ्यांत दोन जाती. एक, कोऱ्या कागदावर खाली अंगठा घेऊन जाणारी. तिला बूट लागत नाहीत, तालुक्याच्या गावी खुर्ची लागते. दुसरी चालणारी. जागतिक बँकेने १९८५मध्ये या धरणासाठी ४५ कोटी डॉलरचा करार केला, आणि पुढे स्वतःच ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. समितीने खोऱ्यातली गावं फिरून १९९२मध्ये अहवाल दिला की बँकेने मागे सरून विचार करावा. बुटांना चिखल लागलेला अहवाल कसा असतो त्याचा हा नमुना. १९९३च्या मार्चमध्ये उरलेलं कर्ज रद्द झालं. वर्षभराने बँकेची पन्नाशी आली, तेव्हा मोठ्या धरणांना पैसा थांबवा असं बजावणारा जाहीरनामा मणिबेलीच्या नावाने निघाला आणि ४४ देशांतल्या संघटनांनी त्याला पाठिंबा दिला. मणिबेली वॉशिंग्टनला पोचली ती कसलेही बूट न घालता.

बिनबुटाचा विषय निघालाच आहे तर शूलपाणीची झाडी विसरून चालणार नाही. नर्मदा परिक्रमा मुळात अनवाणी करायची, आणि या झाडीत भिल्ल मामा यात्रेकरूला लुटून अंगावरचं फडकं तेवढं शिल्लक ठेवत, अशा कथा मराठी घरांत भक्तिभावाने सांगितल्या जातात. लुटल्याशिवाय परिक्रमा पुरी होत नाही, असंही म्हणणारे आहेत. त्या काळचा पादत्राण-सल्ला सोपा होता: मामांना आवडतील असे बूट घालू नयेत. आता ती जुनी वाट पाण्याखाली आहे. मामांचं शेत, मोहाची झाडं आणि घरंही तिथंच आहेत. कुणी कुणाला लुटलं याचा हिशेब बुटांच्या लेखात बसत नाही. पण झाडीतल्या लुटीत निदान अंगावरचं फडकं परत मिळत असे.

गावातली माणसं काय घालतात, असा प्रश्न फोटोवाल्यांना हमखास पडतो. हाटात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या चपला, नाहीतर काहीच नाही. त्यांच्या मागून चढताना तुमचे महागडे बूट घसरतात आणि ते वर पोचून तुमची वाट बघत बसलेले असतात. अशा वेळी खाली वाकून नाडी बांधण्याचं निमित्त करावं, दम परत येतो. बुटांच्या लांब नाडीचा हा उपयोग कुठल्याच माहितीपत्रकात दिलेला नाही. त्यांच्या अनवाणी पायांचा जवळून फोटो मात्र काढू नये. तो फोटो आधीच पुष्कळांनी काढला आहे, आणि पाय तेच आहेत.

परतल्यावर बूट चुलीजवळ किंवा हीटरपुढे वाळवू नयेत; कातडं तडकतं आणि चिकटवलेला तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवावेत आणि दर काही तासांनी बोळे बदलावेत. त्यासाठी जिल्ह्याच्या पुरवणीतलं पान उत्तम. पुनर्वसनाचा प्रश्न लवकरच मार्गी लागणार, ही बातमी पाणी चांगलं शोषते, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच बातमी ताजी छापून येत असल्याने बोळ्यांची टंचाई भासत नाही.