शाळा उसात कशी?

शाळेतून वर साहेबांकडे फोटो गेला की शिक्षण झालं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण साधा फोटो चालत नाही. फोटोच्या तळाला काळी पट्टी लागते. पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा नकाशा, नकाशात लाल टाचणी, शेजारी गाव, जिल्हा, पिनकोड, अक्षांश, रेखांश, तारीख, वार आणि सेकंदापर्यंत वेळ. एवढं सगळं बसवून जी जागा उरेल तिच्यात मुलं. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेली पहिलीची पोरं पट्टीखाली गडप होतात, पण त्याला इलाज नाही. पहिलीची पोरं दरवर्षी येतात, अक्षांश महत्त्वाचा.

बदलत्या जगासाठी मुलांना तयार करायचं तर आधी शाळा नेमकी कुठे आहे हे जगाला कळायला नको?

आमची अडचण इथूनच सुरू होते. पारगाव एक नाही. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे, आंबेगावात पारगाव तर्फे खेड. जुनी माणसं शहाणी, त्यांनी घोटाळा ओळखून ‘तर्फे’ लावून ठेवलं. लग्नपत्रिकेत आजही ते छापावं लागतं, नाहीतर आहेर एका पारगावात आणि नवरा-नवरी दुसऱ्यात. फोटोतल्या पट्टीला मात्र तर्फे-बिर्फे मंजूर नाही. ती नुसतं ‘पारगाव, महाराष्ट्र’ छापून मोकळी होते. मग वरच्या तक्त्यात दोन शाळांचे उपक्रम एकाच शाळेच्या नावावर चढतात. एका पारगावात दोनशे टक्के गुणवत्ता, दुसऱ्यात निरंक. निरंकवाल्या गुरुजींना नोटीस, दोनशेवाल्यांना प्रमाणपत्र, आणि दोघांनाही कळत नाही की आपण नेमकं केलं काय.

तर अशाच एका शाळेतून (कुठल्या तर्फेची ते विचारू नका, गुरुजींची वेतनवाढ जवळ आली आहे) परवा एक फोटो वर गेला. विषय, ‘बदलत्या जगाच्या अनुषंगाने अध्ययन-अध्यापन गुणवत्ता विकास’. फोटोत फळा, फळ्यावर चार रंगांच्या खडूंनी ‘एकविसाव्या शतकातील कौशल्ये’, फळ्याखाली मुलं, मुलांच्या हातात पुठ्ठ्याचा रोबो. सगळं विहित नमुन्यात. फक्त टाचणी उसात.

स्लॅबच्या खोलीत फोनला उपग्रह नीट सापडत नाही, मग तो अंदाजाने टाचणी ठोकतो. आणि आमच्याकडे अंदाजाने कुठेही टाचणी ठोका, ती उसातच जाणार. तासाभरात ग्रुपवर अतितात्काळ निरोप. ‘सदर छायाचित्राचे अवलोकन केले असता शाळा उसाच्या क्षेत्रात असल्याचे दिसून येते. शालेय वेळेत विद्यार्थ्यांना उसात का नेण्यात आले, याचा लेखी खुलासा आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत सादर करावा. खुलाशासोबत जिओ टॅग फोटो जोडणे अनिवार्य.’

उसात, बरं का. ज्या मुलखात बिबट्या उसात वितो, उसात वाढतो, आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर पोरांना एकटं अंगणात सोडत नाहीत, त्या मुलखात गुरुजींनी अख्खी शाळा उसात नेली! निरोप एका पालकाच्या फोनवर कसा पोचला कोण जाणे, पण पाच वाजायच्या आत निम्मं गाव शाळेच्या फाटकात. ‘गुरुजी, पोरं उसात न्हेली व्हती?’ गुरुजी म्हणाले, नाही हो, शाळा नेली. म्हणजे शाळाही नाही, टाचणी. टाचणी म्हणजे काय, तर... इथपर्यंत ऐकून एका आजींनी नातीचं दप्तर उचललं आणि पोरीला घरी नेलं. मग गुरुजी खुलाशाचा फोटो काढायला आवारात आले. टाचणी ओढ्यात. मुतारीमागे गेले, टाचणी रस्त्यावर. शेवटी पाण्याच्या टाकीवर चढले तेव्हा टाचणी शाळेवर आली, पण फोटोत शाळाच नव्हती, कारण शाळा त्यांच्या पायाखाली होती. टाकीवर उभ्या गुरुजींचा आकाशासह फोटो खुलाशाला जोडून पाठवण्यात आला. उत्तर आलं, ‘स्तुत्य उपक्रम. खगोलशास्त्राची नोंद घेतली.’

खगोलशास्त्र त्या दिवशी खरोखरच झालं होतं, पण दुपारी, आणि त्याचा फोटो नाही. फोन खिडकीच्या कठड्यावर होता. तिथेच एक दांडी रेंज येते, आणि रोबोचा फोटो चढायला पाऊण तास लागतो. तेवढा पाऊण तास गुरुजी फोनविना मोकळे होते. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, गुरुजी, त्या पट्टीत एकोणीस टिंब काहीतरी असतं ते काय? गुरुजींनी कपाटातला रबरी चेंडू काढला, खडूने त्याला आडव्या-उभ्या रेघा मारल्या. आडवी एकोणिसावी, उभी चौऱ्याहत्तरावी, जिथे छेदतात तिथे आपण. दोन्ही पारगावं तिथेच आसपास, फरक थोडाच. टिंबानंतरचा दुसरा आकडा एकाने बदलला की किलोमीटरभर सरकलं. पोरं लगेच कामाला लागली. माझं घर किती टिंब किती? विहीर? मामाचं गाव? मग एकजण म्हणाला, खोडदची दुर्बीण? तीही आलीच, एकोणीस-चौऱ्याहत्तरच्याच पंचक्रोशीत. तीस तबकड्या, एकेकीचा व्यास ४५ मीटर. नारायणगावच्या बाजाराला जाता-येता पोरांनी लांबून पाहिलेल्या. त्या आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतात; आपल्याकडे त्या लहरींचा गोंगाट कमी, म्हणून इथे उभ्या केल्या. मागच्या बाकावरून आवाज, ‘म्हंजे आपल्याकडं रेंज नाय म्हणून?’

सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले, आणि मग म्हणाले, अरे, बरंचसं बरोबर आहे तुझं.

एवढ्यात कठड्यावर फोन वाजला. ‘लिंक भरली का?’ चेंडू कपाटात गेला.

आता एकविसाव्या शतकातल्या कौशल्यांबद्दल. हा शब्दप्रयोग ऐकला की आमचं डोकं उठतं, आधीच सांगतो. शतकाची पहिली पंचविशी उलटली. आज पहिलीत बसलेलं पोर २०१९ सालच्या आसपास जन्मलं आहे, त्याने दुसरं शतक पाहिलेलंच नाही. कौशल्यं चार सांगतात. सर्जनशीलता, सहकार्य, संवाद आणि चिकित्सक विचार. चिकित्सक विचार म्हणजे प्रश्न विचारणं. एका बाईंनी शिक्षकांच्या ग्रुपवर एकदा विचारला, की हीच माहिती गेल्या आठवड्यात दिली होती, ती पुन्हा कशाला? त्या दिवसापासून ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. संवाद तिथे संपला. सहकार्य म्हणून उरलेल्यांनी अंगठे दाखवले. सर्जनशीलतेचा नमुना विहित प्रपत्रात येणार आहे.

आमच्या आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्याच्या मुखातून माउलींनी पैठणला वेद वदवले, तोच रेडा. परंपरा असं सांगते, आणि आळेकरांना त्याचा अभिमान आहे, तो योग्यच आहे. अध्यापनाचा याहून मोठा यशस्वी प्रयोग महाराष्ट्राला ठाऊक नाही. पण तो आज वर पाठवून बघा. विद्यार्थ्याचा आधार क्रमांक? नाही. वयानुरूप इयत्ता? ठरवता येत नाही. मातृभाषा? रकाना अनिवार्य आहे. अध्ययन निष्पत्ती ‘वेद म्हणतो’, पण हे वाचन धरायचं की पाठांतर? पाठांतर तर नव्या धोरणात बसत नाही. शाळा पूर्वतयारी मेळाव्याला रेडा हजर होता का, मेळाव्याचा फोटो आहे का, फोटोत रेडा कुठे आहे, पट्टीखाली गेला का? पोषण आहाराचा लाभार्थी दाखवला असल्यास कोणत्या प्रमाणात, प्राथमिकच्या की उच्च प्राथमिकच्या? आणि मुख्य म्हणजे टाचणी जुळत नाही. अध्यापन पैठणला, समाधी आळ्याला, मधे दोन जिल्ह्यांच्या हद्दी. शाळा सोडल्याचा दाखला ऑनलाइन आलेला नाही. सबब विद्यार्थी शाळाबाह्य समजण्यात येत आहे. माउलींना खुलासा. खुलाशासोबत रेड्याचा वेद म्हणतानाचा व्हिडिओ, तीस सेकंदांचा, आडवा, उभा चालणार नाही, मागे फ्लेक्स हवा, फ्लेक्सवर मान्यवरांचे फोटो हवेत, आणि रेड्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला पाहिजे, कारण तो शनिवार होता आणि शनिवार आनंददायी असतो.

हसण्यावारी नेतोय, पण हे हसण्यासारखं नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. त्याच्या कलम २७ मध्ये स्वच्छ लिहिलंय की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडल्या तर शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये. यावर वरच्यांनी काढलेला तोडगा अफलातून आहे. कुठलंच काम अशैक्षणिक ठेवायचं नाही! फोटो शैक्षणिक, लिंक शैक्षणिक, तांदळाची रोजची नोंद शैक्षणिक, फ्लेक्सचं बिल शैक्षणिक. अशैक्षणिक असं शाळेत आता एकच काम उरलंय, ते म्हणजे शिकवणं. त्याची नोंद कुठल्याही पोर्टलवर होत नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवण्याचे धरले आहेत. हे ८०० तास कुणी मोजलेत? घड्याळ लावून बसलंय कुणी, की दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी प्रशिक्षणाला, दुसरे चार इयत्तांपुढे एकटे, आणि त्यांच्याही हातात फोन, तर तासातली किती मिनिटं मुलांची? ते मोजायला लिंक नाही.

२०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधी आकडेमोड आली पाहिजे, असं निपुण भारतचं उद्दिष्ट ठरलं ते २०२१ साली. उद्दिष्ट उत्तम. त्याच्या आड येणाऱ्याला आम्ही उभं करणार नाही. पण मूल वाचतं का हे बघायचं तर त्याला पुस्तक द्यायचं आणि शेजारी बसून ऐकायचं. अडलं तर थांबायचं, बोट ठेवायचं, पुन्हा ऐकायचं. पाच मिनिटांचं काम, रोज, प्रत्येक मुलाबरोबर. ऐकण्याचा फोटो येत नाही हो! ऐकणारा माणूस फोटोत नुसता बसलेला दिसतो, आणि बसलेल्या शिक्षकाला नोटीस येते. म्हणून गुरुजी उठतात, मुलाच्या हातातलं पुस्तक मुखपृष्ठ दिसेल असं धरायला लावतात, टाचणी शाळेवर येईपर्यंत त्याला तसंच धरून ठेवायला सांगतात, आणि पोर बिचारं उलटं पुस्तक धरून हसतं. तो फोटो ‘वाचन’ म्हणून जातो. गेल्यावर त्याला लाल हृदय येतं. बदलत्या जगाची एवढी तयारी करतोय आपण की ते पोर उद्या कुठल्याही कार्यक्रमात मान्यवर म्हणून सहज खपेल.

या सगळ्यात शाळेच्या कुंपणापलीकडे, ज्या उसात टाचणी पडली होती त्याच्या कडेला, कोप्या पडल्या आहेत. बीडकडची ऊसतोड्यांची टोळी आहे. पहाटे कोयता फडावर जातो, धाकटं भावंड थोरल्याच्या काखेत, थोरला नऊ-दहा वर्षांचा. तो दुपारी कुंपणापाशी येऊन उभा राहतो. गुरुजींनी त्याला आत बोलावलं, बसवलं. उचल किती, टनाला काय पडतं, मुकादमाचं कापून हातात किती राहतं, हे तो तोंडी सांगतो. वर्गातल्या कुणाला तेवढा हिशेब जमत नाही. वाचायला अडतो. गुरुजी त्याच्याबरोबर रोज थोडा वेळ बसतात, भाऊ शेजारी खेळत असतो.

पण तो फोटोत नाही. त्याचं नाव इथल्या पटावर नाही, गावाकडच्या शाळेत आहे, आणि तिथे तो कागदोपत्री हजर आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते त्याला मिळालेलं नाही, आणि ते असतं हे त्याच्या बापाला कुणी सांगितलेलं नाही. गुरुजींनी नाव टाकून पाहिलं, पडद्यावर आलं, ‘विद्यार्थी आढळला नाही’. विद्यार्थी समोर बसून रबर चावत होता. गुरुजींनी विनंती पाठवली. विनंती तिकडच्या शाळेने मान्य करायची, मग तिकडच्या केंद्राने, मग तालुक्याने, मग इकडच्या तालुक्याने. मार्चच्या आगेमागे कारखान्याचा पट्टा पडेल, टोळी ट्रकमध्ये बसून बीडला जाईल. त्यानंतर पंधरवड्याने त्याचं नाव इथल्या पटावर चढेल, आणि तो सलग गैरहजर का, याचा खुलासा गुरुजींना जिओ टॅग फोटोसह सायंकाळी ५ च्या आत द्यावा लागेल.