वर्ध्याचा उणे तीस अंशांचा हिवाळा

मोटारीच्या इंजिनात कोणते ऑईल घालावे, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत एका ओळीत छापलेले असते. परंतु पुस्तिका पाहून निर्णय घेणे जाणकाराला शोभत नाही, अशी वर्ध्यातील अनेक मोटारमालकांची, आणि त्यांत अग्रभागी असलेल्या प्रस्तुत लेखकाची, धारणा आहे. डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ या संज्ञेत डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या अलीकडचा आकडा जितका लहान तितके तेल थंडीत प्रवाही, आणि पलीकडचा आकडा १०० अंशांवरील दाटपणाचा. पाचाच्या तेलावर इंजिन फिरते की नाही याची कसोटी उणे ३० अंशांवर लागते, शून्याच्या तेलाची उणे ३५ वर. त्यामुळे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आणि तो दहावर उतरताच शेकोट्या पेटवणाऱ्या या जिल्ह्यात केवळ ऐटीपायी शून्याचा डबा मागणारा गृहस्थ मनाने लडाखात राहतो, असेच म्हणावे लागते.

वास्तविक तेलाच्या बाबतीत वर्ध्याने इतके भाबडे राहण्याचे कारण नव्हते. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे येथील मगनवाडीत होते, आणि तेथे झवेरभाई पटेल यांनी बैलघाण्यात, म्हणजे उखळात लाट फिरवून तेलबिया पिळणाऱ्या यंत्रात, सुधारणा करून पूर्वीच्या घाण्यांहून मोठी व अधिक कार्यक्षम ‘वर्धा घाणी’ सिद्ध केली. तेल्याचे नि बैलाचे श्रम सार्थकी लागावेत म्हणून झालेल्या त्या संशोधनाला चकचकीत डबा लाभला नाही, याची हळहळ वाटते. विषयांतर लांबले तरी जवसाचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल: जवसाचे तेल ताजे की खवट, हे वैदर्भीय गृहिणी बरणीचे झाकण निघताच सांगते, आणि खवटपणा म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी तेलाचा संयोग, जो तापलेल्या इंजिनातही तेलाचा घात करतो. हा संयोग लांबवणे हाच ‘सिंथेटिक’ इंजिन ऑईलचा येथील खरा उपयोग. पण त्या गुणाचा ठसठशीत आकडा डब्यावर नसल्याने त्याची चर्चा होत नाही. ‘सिंथेटिक’ म्हणजे प्रयोगशाळेत रेणू जोडून घडवलेले, ही समजूतही अपुरी आहे, कारण जाहिरातींचे तंटे सोडवणाऱ्या एका अमेरिकी मंडळाने १९९९ साली, हायड्रोजनच्या प्रक्रियेने कसून शुद्ध केलेल्या खनिज तेलालाही हे नाव लावणे मान्य केले.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. इंजिनातून काढलेले काळे ऑईल नियमानुसार घातक कचरा असून ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवे. अनेकदा मात्र ते सेंट्रिंगच्या पाट्यांना फासले जाते किंवा गॅरेजमागच्या नालीत ओतले जाते, आणि त्या वेळी प्रस्तुत लेखक पुढच्या बाजूला शून्य व पाच यांतील भेद दुकानदाराला समजावून देत असतो.