मिनिटभराची तपासणी

चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत, लाल डोंगरावर किंवा घाटल्यात चाळिशीच्या बाईला विचारून पाहा, ‘पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी केलीत?’ उत्तर ठरलेलं असतं: मला कुठे काय होतंय? पण काही होत नसतानाच ती करायची असते. अंगावरून जायला लागेपर्यंत हा कॅन्सर घडवणारा एचपीव्ही विषाणू बहुधा दहा-वीस वर्षं आत मुरलेला असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींची ही तपासणी झालेली होती.

आणि ही तपासणी जीव वाचवते, हे सिद्ध केलं मुंबईच्याच झोपडपट्ट्यांतल्या बायकांनी. १९९८ पासून टाटा मेमोरियलनं दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना तपासणी करायला चार आठवडे शिकवलं. व्हिनेगरसारखं सौम्य अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उठतो का बघायचं. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ साली टाटाच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी शिकागोत हे मांडलं. उस्मानाबादच्या खेड्यांत तर एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

मुंबईच्या अभ्यासात तुलनेसाठी निम्म्या बायकांना फक्त माहिती दिली, तपासलं नाही. त्यांतल्या काही याच कॅन्सरनं गेल्या. त्यावर वाद झाला, व्हायलाच हवा होता. पण उत्तर हाती आल्यावरही वस्तीतली बाई तपासणीवाचून राहते, याचा मला जास्त संताप येतो. तिच्या शेजारणींनी त्या उत्तराची किंमत जिवानं मोजली आहे.

या विषाणूवरची लसही इथलीच. पुण्याच्या सीरमच्या सर्वाव्हॅकला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ‘इतक्या लहान मुलीला कशाला?’ असं आया विचारतात. विषाणूशी गाठ पडण्याआधी घेतली तरच लस पुरती लागू पडते, म्हणून नऊ ते चौदा हे वय. यात मुलीच्या वागण्याचा संबंध आणू नका. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी चुकत नाही, कारण लस विषाणूचे सगळे प्रकार अडवत नाही.

चेंबूरमधल्या पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात टेबल, दिवा, आडोसा आणि शिकलेली नर्स हवी. चट्टा दिसला तर पुढचा उपचार तिथल्या तिथे ठरला पाहिजे. आठवड्याचा एक वार नेमा, दारावर लिहा, आणि घरोघर जाऊन बायकांना घेऊन येणाऱ्या आरोग्यसेविकेला त्या कामाचे वेगळे पैसे द्या.