एकटीच? आणि तेही रामेन?

ऐकलंत का? ऐकलंच असणार म्हणा. गोमतीनगरात कुणी शिंकलं तरी अलीगंजला रुमाल निघतो. तरी सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. आमच्या लखनौच्या मराठी गोतावळ्यातली एक, चांगली चाळिशीची, नवरा बँकेत, मुलगी अकरावीत, सासूबाई ठणठणीत, म्हणजे कशाचीच ददात नसलेली बाई, भरदुपारी मॉलमधल्या जपानी रेस्टॉरंटात एकटी बसून रामेन खाताना दिसली. समोर कुणी नाही, शेजारी कुणी नाही, फोनसुद्धा पर्समध्ये. आणि जिने पाहिलं तिने शपथेवर सांगितलं, ही बया खाताखाता हसत होती!

वर तो मंगळवार. या शहरात ज्येष्ठातल्या मंगळवारी, ‘बडा मंगल’ला, चौकाचौकात मांडव घालून पुरी-भाजी नि सरबत वाटतात, जाणाऱ्या-येणाऱ्याला हाताला धरून थांबवतात. हनुमानाच्या वाराला हे शहर अनोळखी माणसालाही उपाशी जाऊ देत नाही, आणि ही बसलीये आपली एकटी, कोंबडीच्या रश्शात नूडल्स बुडवून.

आमच्या किटी पार्टीत अर्थातच चहा थंड झाला. पहिली शंका: नवऱ्याशी बिनसलं. ती लगेच बाद झाली, कारण सकाळीच त्याला डब्यात भरलं वांगं दिल्याचं तिच्या शेजारणीला ठाऊक होतं. दुसरी शंका: डॉक्टरने काहीतरी भलतंसलतं सांगितलं असेल. तिसरी शंका आवाज खाली आणून मांडली गेली, की कुणाची तरी वाट बघत असेल. पण पाऊण तासात कुणी फिरकलंच नाही म्हणे. इथे सगळ्यांचा जो विरस झाला तो बघण्यासारखा होता. कुणी आलं असतं तर निदान विषयाला बूड तरी मिळालं असतं.

मग खापर फुटलं मुलीवर. या पोरींनीच आणलं हे घरात. आधी कोरियन मालिका, मग ते जपानी कार्टून, त्यातला तो पिवळ्या केसांचा नारुतो इचिराकूच्या टपरीवर वाडग्यामागून वाडगे रिचवणारा. आपल्या पिढीला नूडल म्हणजे १९८३ साली आलेली मॅगी, तीही पावसात, चौघांनी एका पातेल्यातून ओढाताण करत खायची. जपानात मोमोफुकू आंदो नावाच्या गृहस्थांनी १९५८ सालीच झटपट रामेन बाजारात आणलं आणि १९७१ मध्ये ते कपात घातलं. म्हणजे एका माणसापुरतं. तिथेच पाणी मुरलं, असं आमच्यातल्या सर्वांत थोरल्या मावशींचं मत पडलं.

जपान्यांची तर तऱ्हाच न्यारी. फुकुओकाची इचिरान नावाची रामेनवाल्यांची साखळी आहे. तिथे म्हणे प्रत्येकाला लाकडी फळ्यांचा वेगळा कप्पा. दारात यंत्रातून तिकीट काढायचं, कागदावर खुणा करायच्या: रस्सा किती दाट, लसूण किती, नूडल कडक की मऊ. समोरच्या झडपेतून दोन हात येतात, वाडगा ठेवतात, वाढणारा वाकून नमस्कार करतो आणि चिक खाली पडते. ना त्याचं तोंड दिसलं, ना तुमचं. आणखी नूडल हव्या असतील तर तेही बोलायचं नाही. धातूची छोटी पट्टी एका बटणावर ठेवायची, धून वाजते, नूडल हजर. सासूबाईंना ‘अजून एक पोळी घेऊ का’ विचारण्याची भानगडच संपली!

हे ऐकून मावशी म्हणाल्या, “अगं, मग यात नवल ते काय? हा तर पडदा झाला.” आणि खरंच की. मुंबईच्या इराण्याकडे ‘फॅमिली रूम’ असायची ना, लाकडी कप्पा आणि पुढे मळकट पडदा? बाईमाणसाने संगमरवरी टेबलाशी उघड्यावर चहा पिऊ नये म्हणून. इथे लखनौच्या चौक भागातल्या गल्ल्यांत आजही बाई निहारीच्या दुकानात शिरली की गल्ल्यावरचा माणूस अदबीने जिन्याकडे बोट दाखवतो, “फॅमिली ऊपर है, मॅडम.” आता फॅमिली नसलेल्या बाईने वर जायचं की खाली बसायचं, हे त्यालाही ठाऊक नाही. आमच्या आज्या ज्या पडद्यातून ओढाताण करून बाहेर आल्या, तोच जपानी लोक पैसे घेऊन लावतात आणि जग रांगेत उभं राहतं. आमच्या बयेने तर तोही घेतला नाही. उघड्या काउंटरवर उंच स्टुलावर बसली होती!

लखनौला हे पचायचं कसं? इथे दस्तरखान पसरला की माणसं मोजत नाहीत. २०२५ साली युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला, तो काय एकेकट्यांनी वाडग्यात तोंड घातल्याबद्दल? इथे आधी दुसऱ्याच्या ताटात कबाब पडतो, मग आग्रह, मग नकार, मग पुन्हा आग्रह. तोवर कबाब गार. रामेनला हा लाड चालत नाही. रस्सा कढत, नूडल बारीक, चार-पाच मिनिटं तहजीब सांभाळलीत की वाडग्यात लगदा. मात्र नवाबी काळातही असा एक आचारी होऊन गेला. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौबद्दल लिहिताना त्याची गोष्ट सांगितली आहे. हा बहाद्दर आसफउद्दौलाकडे पाचशे रुपये पगारावर राहिला, फक्त उडदाची डाळ करायला. त्याची अट: डाळ तयार झाली की नवाबाने ताबडतोब येऊन खायची. नवाब गप्पांत रमले, निरोपावर निरोप गेले, आणि आचाऱ्याने हंडी एका वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी ओतून घर गाठलं. ते झाड पुढे पालवलं म्हणतात. हा माणूस आज असता तर काउंटरमागेच उभा असता आणि गप्पा मारणाऱ्यांना दारातूनच परत धाडत असता.

आणि आपण मराठी लोकांनी एकट्या जेवण्यावर नाकं मुरडावीत? गिरणगावातल्या खानावळी कोणाच्या जिवावर चालल्या? गिरणीतला माणूस, बायको-पोरं गावाकडे, तो खानावळवालीकडे महिन्याच्या हिशोबाने एकटाच जेवायचा. त्याला वाढणाऱ्या बायकांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी १९७५ साली उभी केली. इथे लखनौतही भातखंड्यांनी १९२६ मध्ये कैसरबागेत संगीताचं कॉलेज काढलं, मुंबईहून रातंजनकर आले, मागोमाग शिकायला पोरं आली. त्यांतलं कोण कुठे एकटं जेवलं याची चर्चा कुठल्याही किटीत झाली नसेल. पुरुष एकटा जेवला की ‘बिचारा’. जपानात तर एकट्याने जेवत हिंडणाऱ्या एका विक्रेत्यावर १९९४ पासून चित्रकथा निघाली, २०१२ पासून मालिका चालली. बाई एकटी जेवली की मात्र चहा थंड होतो.

शेवटी तिलाच बोलावून विचारलं. म्हणाली, “भूक लागली होती.” बस्स! एवढं खमंग प्रकरण आणि आरोपीचा जबाब हा. पण खोदून विचारल्यावर मात्र खुलली. अंडं मध्ये कापलेलं, पिवळा बलक घट्टही नाही, ओघळतही नाही, सोया सॉसमध्ये मुरून कडेने तपकिरी झालेलं. वाफेने मऊ पडत चाललेला समुद्री शेवाळाचा चौकोनी कागद. आणि भुरका! तिकडे नूडल भुरकून खाल्ल्या तर कुणी डोळे वटारत नाही म्हणून हिनेही आमटी-भाताचा लहानपणीचा भुरका काढला, तसा लांब, सणसणीत. शेजारच्या टेबलावरची नवाबजादी दचकली म्हणे. शाकाहारींसाठी मेनूत पनीर रामेनही आहे, असंही तिने सांगितलं. पनीरला या देशात कुणी सोडलंय?

एवढं ऐकून मावशींनी विचारलं, “गर्दी कधी कमी असते गं?” मग काय, पुढची किटी तिथेच ठरली. नियम कडक: प्रत्येकीने एकेकटं बसायचं, आपापलं मागवायचं, आपापलं बिल, मध्येच कुणी कुणाच्या वाडग्यात चमचा घालायचा नाही, आणि ‘अगं, चाखून तरी बघ’ असं म्हणणाऱ्यावर दंड. सगळं जमलं होतं. फोन लावला तर कळलं, काउंटरला स्टुलं सहाच, आणि आम्ही आठ. उरलेल्या दोघींना टेबल देतो म्हणाला फोनवरचा मुलगा. आता त्या दोघी म्हणतायत, समोरासमोर बसून एकटं कसं जेवायचं ते आधी सांगा. दोन दिवस झाले, ग्रुपवर भांडण चालू आहे.